गुरुजींचा मुलगा

कास्पियन समुद्राच्या आग्नेय टोकाजवळ अस्तराबाद नावाचे शहर होते. आज त्याला गोर्गान म्हणतात. सोळाव्या शतकात गुलाम अली हिंदुशाह नावाचे एक विद्वान तिथे राहत. त्यांना मोहम्मद कासिम नावाचा मुलगा होता. मुलगा अजून लहान होता, तेव्हाच वडिलांनी घरदार मागे ठेवले, मुलाला बरोबर घेतले आणि हिंदुस्थानची वाट धरली.

ती वाट तेव्हा मळलेली होती. इराणातून दख्खनकडे हकीम येत, कवी येत, लेखनिक येत, शिपाई येत. घोड्यांचे व्यापारी तर नेहमीचेच. बहमनी राज्य फुटून दख्खनमध्ये पाच शाह्या झाल्या होत्या आणि त्यांच्या दरबारांत फारसी जाणणाऱ्याला मान होता. लोक होर्मुझच्या बंदरात जहाजात बसत, वारा मिळाला की समुद्र ओलांडत आणि चौलला, दाभोळला नाहीतर गोव्याला उतरत. मग घाट चढायचा. घाट चढून देशावर आले की हवा कोरडी होई, डोंगर उघडे होत जात आणि काळी जमीन सुरू होई.

बापलेक अहमदनगरला येऊन पोहोचले.

शहराला तेव्हा शंभर वर्षेही झाली नव्हती. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने ते १४९० मध्ये सीना नदीकाठी, भिंगारजवळ वसवले होते. त्याचा नातू हुसेन निजामशाह याने किल्ल्याचा मातीचा तट पाडून दगडी तट घातला. आता हुसेनचा मुलगा मुर्तजा गादीवर होता. मुर्तजाला मिरान हुसेन नावाचा मुलगा होता. या राजपुत्राला फारसी शिकवायला चांगला गुरू हवा होता. ती नेमणूक गुलाम अलींना मिळाली.

शिकवणीला राजपुत्र बसू लागला. त्याच्या शेजारी गुरुजींचा मुलगा बसू लागला.

परमुलखातले पहिले वर्ष अवघड असते. मुलगा पुलाव आणि गव्हाच्या नानवर वाढलेला. इथे समोर ज्वारीची भाकरी आली असणार. अस्तराबादला हिवाळ्यात आणि वसंतात पाऊस पडतो. इथे लोक मृगाकडे डोळे लावून बसत. पश्चिमेकडून आभाळ भरून येई आणि पुष्कळदा नगरला टाळून पुढे निघून जाई. घरात फारसी, बाजारात दखनी आणि वेशीबाहेर पडले की मराठी. मोठ्या माणसाला अशा वेळी दुभाष्या लागतो. मूल आठ-पंधरा दिवस गप्प राहते, ऐकते आणि मग एके दिवशी बोलू लागते. बाजारात वडिलांच्या वतीने भाव करणारे मूल परदेशात गेलेल्या प्रत्येक घरात असते. या घरात ते कासिमच असणार.

सगळेच परके नव्हते. भिंगार, कापूरवाडी, शेंडी अशा भोवतालच्या गावांकडून जमिनीखालून खापरी नळ टाकून शहरात पाणी आणलेले होते. इराणात अशा भुयारी पाण्याच्या वाटेला कारेज म्हणतात. हजारो कोसांवर येऊन हौदावर ओंजळ धरावी आणि पाणी आपल्या मुलखासारखेच जमिनीखालून आलेले असावे, यात मोठा दिलासा असतो. शहरात कोटला नावाचा मदरसा होता. इराणातूनच आलेल्या शाह ताहिर नावाच्या पंडितासाठी हुसेनचा बाप बुऱ्हाण निजामशाह याने तो उभारला होता. तिथे विद्यार्थी शिकत, शिया पंथाची माणसे भेटत, देशाकडच्या बातम्या कळत. शहराबाहेर वजीर सलाबतखानाच्या देखरेखीखाली फरहबागेचे काम चालले होते. १५८३ च्या सुमारास ते पुरे झाले. मोठ्या तळ्याच्या मधोमध महाल उभा राहिला. हा सलाबतखानही बाहेरूनच आलेला होता. त्याची कबर असलेल्या डोंगरावरच्या इमारतीला नगरकर आजही चांदबिबीचा महाल म्हणतात.

तरी शहरात एक भेग होती. बाहेरून आलेल्यांना परदेशी किंवा आफाकी म्हणत. इथे जन्मलेल्यांना, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना दख्खनी म्हणत. दरबारातली पदे, जहागिरी, सुलतानाची मर्जी, सगळ्यांवरून दोघांत चुरस होती. हबशी लोक समुद्रापलीकडून आणलेले, पण ते दख्खनींच्या बाजूला मोजले जात. म्हणजे कोण घरचा आणि कोण बाहेरचा, हे कोण किती दुरून आला यावर ठरत नव्हते. त्यात पंथाचीही भर पडे. परदेशी बहुतेक शिया होते, दख्खनी बहुतेक सुन्नी.

शिकवणीच्या खोलीत मात्र ही भेग पोहोचत नव्हती. तिथे एक दख्खनी गादीचा वारस होता आणि एक परदेशी मास्तरांचा मुलगा. दोघांना तेच धडे, तीच शाई, चुकले की तीच बोलणी. एखादा शब्द राजपुत्राला अडला की शेजारच्याने हळूच सांगायचा, ही शिकवणीची रीत जगभर सारखीच आहे. फारसी तर कासिमच्या घरची भाषा होती.

मग वडील गेले. नगरला येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते.

मुलाचे या मुलखात कुणी नव्हते. परत जायचे तर घाट होता, समुद्र होता आणि पलीकडे वडिलांनी सोडलेले घर होते. मुलगा इथेच राहिला. मुर्तजा निजामशाहने त्याला आश्रय दिला. असा मुलगा एकटा वाढत नाही. कुणीतरी त्याला जेवायला वाढते, तापात कुणीतरी उशाशी बसते, सणाला कुणीतरी नवा कपडा देते. त्या माणसांची नावे कुठल्या बखरीत येत नाहीत, पण ती होती म्हणूनच मूल माणसांत आले. कासिम मोठा झाला आणि सुलतानाच्या पहाऱ्यावरच्या शिपायांचा नायक झाला.

इकडे सुलतानाचे मन ढळत चालले होते. मुर्तजा एकांतात राहू लागला. लोक त्याला दिवाणा म्हणू लागले. कारभार सलाबतखानाने सांभाळला आणि नीट सांभाळला. पुढे मुर्तजाने त्यालाही कैदेत टाकले. मग त्याच्या मनात पोटच्या मुलाविषयी संशय शिरला. राजपुत्र निजलेला असताना त्याच्या बिछान्याला आग लावण्यात आली. राजपुत्र कसाबसा वाचला. त्याला लपवून दौलताबादला नेले.

१५८८ च्या जूनमध्ये तो परत आला. मिर्झाखान नावाच्या सरदाराने बंड केले होते. त्याने राजपुत्राला पुढे केले आणि फौजेसह नगरला आणले. नंग्या तलवारी घेऊन राजपुत्र आणि त्याचे लोक किल्ल्यात शिरले. सुलतानाच्या पदरचा जो समोर दिसेल त्याला ते कापत चालले. चूक कुणाची, हुकूम कुणाचा, हे विचारायला कुणी थांबत नव्हते.

त्या दिवशी पहाऱ्यावर कासिम होता.

त्याची पाळी आली. तेवढ्यात राजपुत्राची नजर त्याच्या चेहऱ्यावर पडली. त्याने ओळखले. हा गुरुजींचा मुलगा, हा माझ्याशेजारी बसत होता. याला हात लावू नका, असा हुकूम राजपुत्राने स्वतः दिला. कासिम वाचला. त्याच्याबरोबर पहाऱ्यावर असलेले इतर लोक वाचले नाहीत.

राजपुत्राने पुढे काय केले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर गोष्ट खोटी होईल. त्याने आपल्या वडिलांना हमामखान्यात कोंडले, दारे-खिडक्या बंद केल्या आणि खाली जाळ पेटवला. मुर्तजा आत गुदमरून मेला. बापाने मुलाला जाळू पाहिले होते, मुलाने बापाला मारले. राजपुत्र दयाळू माणूस नव्हता. त्या दिवशी त्याच्या मनात रागाशिवाय काही उरले नव्हते. तरीही त्या रागात एक जागा अशी होती, जिथे त्याचा हात थांबला. ती जागा लहानपणी तयार झाली होती. गुलाम अलींनी ती मुद्दाम केली नव्हती. त्यांनी फक्त दोन मुलांना एकत्र बसवून शिकवले होते.

मिरान हुसेनला राज्य पचले नाही. वर्षही पुरे व्हायच्या आत, १५८९ मध्ये, ज्या मिर्झाखानाने त्याला गादीवर बसवले त्यानेच त्याला पकडले. किल्ल्याबाहेर दख्खनी आणि हबशी जमले. त्यांचा पुढारी जमालखान होता. आमचा सुलतान आम्हाला दाखवा, असे ते म्हणू लागले. मिर्झाखानाने सुलतानाचे मुंडके दाखवले. मग काहीच आवरले नाही. दरवाजा जाळून जमाव किल्ल्यात घुसला. मिर्झाखान मारला गेला.

मिर्झाखान परदेशी होता. त्याने केलेल्या गुन्ह्याची शिक्षा शहरातल्या सगळ्या परदेश्यांना झाली. कितीतरी दिवस कत्तल चालली. लहानथोर, चांगलावाईट असा भेद कुणी केला नाही. कुणाकडे हिशेब लिहिणारा मारला गेला, कुणाकडे मुलांना शिकवणारा. माणूस कुठला, एवढेच पाहिले जात होते. ज्यांच्या घरातले पाणी एकाच खापरी नळातून येत होते ती माणसे एकमेकांना ओळखेनाशी झाली.

राजवाड्यात आदल्या वर्षी एका माणसाने एका चेहऱ्याकडे पाहिले आणि तलवार थांबली. या वेळी शहरभर तसे पाहणारे फार थोडे निघाले.

कासिम यातूनही वाचला. पण आता नगरमध्ये त्याचे कुणी राहिले नव्हते. ज्याने आश्रय दिला तो गेला, ज्याने जीव वाचवला तो गेला. जमालखान महदवी पंथाचा होता. दरबारात त्याच पंथाचे चलन झाले. शिया माणसाला तिथे सुखाने राहणे कठीण होते. १५८९ च्या अखेरीस कासिमने नगर सोडले आणि विजापूर गाठले. वडिलांनी त्याला एका परमुलखात आणले होते. आता तो आपल्या पायांनी दुसऱ्यात गेला.

विजापूरला दुसरा इब्राहीम आदिलशाह गादीवर होता. तो गाण्याचा शौकीन होता, गुणी माणसे जवळ करणारा होता. कासिम सुरुवातीला लढायांत होता. एका लढाईत तो जखमी होऊन जमालखानाच्याच माणसांच्या हाती लागला आणि तिथूनही निसटला. पुढे इब्राहीमने त्याला मीरखंदाच्या फारसी इतिहासाची प्रत दिली आणि सांगितले की हिंदुस्थानातल्या मुसलमान राजांचा सगळा इतिहास एकत्र असा कुणी लिहिलेला नाही, तो तू लिही.

कासिमने वर्षानुवर्षे ते काम केले. तीसहून अधिक जुने ग्रंथ त्याने चाळले. दिल्ली, दख्खन, गुजरात, माळवा, खानदेश, बंगाल, सिंध, काश्मीर, मलबार, सगळीकडची हकीकत गोळा केली. ग्रंथाला नाव दिले ‘गुलशन-ए-इब्राहिमी’. जग मात्र तो ग्रंथ लिहिणाऱ्याच्या टोपणनावाने ओळखते. ते टोपणनाव फरिश्ता.

होय, आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत पानोपानी ज्याचा दाखला येतो तो फरिश्ता हाच. सीनेच्या काठावर वाढलेला, नगरमध्ये पोरका झालेला, नगरमधून जीव घेऊन निघालेला.

ज्या शहराने आपल्या लोकांची कत्तल केली त्या शहराविषयी लिहायला बसल्यावर माणूस काय लिहील? फरिश्त्याने निजामशाहीवर स्वतंत्र भाग लिहिला. मलिक अहमदने शहर कसे वसवले ते लिहिले. या घराण्याचा मूळपुरुष पाथरीच्या ब्राह्मण घरातला होता, हे लिहिले. सलाबतखानाने महाराष्ट्राचा कारभार किती चांगला केला, ते मोकळ्या मनाने लिहिले. कत्तलही लिहिली, लपवली नाही.

आणि त्याने चांदबिबी लिहिली. ती हुसेन निजामशाहची मुलगी, नगरची माहेरवाशीण, विजापूरची राणी. १५९५ च्या अखेरीस शहजादा मुरादची मोगल फौज नगरच्या किल्ल्याला भिडली. सुरुंगाने तटाला खिंडार पडले. लोक मागे सरले, तेव्हा बुरखा घेतलेली, हातात नंगी तलवार धरलेली चांदबिबी खिंडाराशी येऊन उभी राहिली. दिवसभर किल्ला लढला. रात्रीत खिंडार बांधून काढले. मराठी मुले शाळेत ही हकीकत वाचतात. तिचा एक मोठा आधार फरिश्त्याची लेखणी आहे.

त्याने आणखीही एक ग्रंथ लिहिला, त्याविषयी कमी बोलले जाते. तो हिंदुस्थानी वैद्यकावर आहे. इथल्या वैद्यांची विद्या, इथली औषधे त्याने फारसीत मांडली. ही विद्या घरबसल्या मिळत नाही. त्यासाठी वैद्यांच्या ओट्यावर बसावे लागते, मुळ्या हातात घेऊन पाहाव्या लागतात, त्यांची इथली नावे तोंडात बसवावी लागतात. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने इथल्या मातीत उगवणाऱ्या पाल्याकडे इतक्या आस्थेने पाहिले.

पुढे इंग्रज आले. जॉन ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने फरिश्त्याच्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध केले. १८३१ मध्ये मूळ फारसी ग्रंथ मुंबईत छापला गेला. फरिश्त्याच्या सगळ्या गोष्टी खऱ्या ठरल्या नाहीत. बहमनी राज्याच्या संस्थापकाची त्याने सांगितलेली कथा आजचे अभ्यासक मानत नाहीत. पण त्याला वगळून दख्खनचा इतिहास लिहिता येत नाही, हेही सगळे मानतात.

आता क्षणभर विचार करा. १५८८ च्या त्या दिवशी राजपुत्राने ओळखले नसते, तर हे काहीच लिहिले गेले नसते. एका मुलाला शेजारी बसू दिले, त्यातून एक जीव वाचला आणि त्या जिवाने एका मुलखाची आठवण सांभाळली. शिकवणी चालू असताना हे कुणाच्या डोक्यातही आले नसेल. माणूस माणसाला ओळखतो तो एकत्र बसण्या-उठण्यातून, आणि ती ओळख लहानपणी झाली तर फार खोल जाते. जमावाला चेहरे दिसत नाहीत. ज्याने आयुष्यात कधी त्या बाजूच्या एकाही माणसाबरोबर बसून चार घास खाल्ले नाहीत, त्याला जमावात सामील होणे सोपे जाते.

नगर आज अहिल्यानगर झाले आहे. वाट आता दोन्हीकडे चालते. इथली मुसलमान घरेही पोटासाठी त्याच आखाताच्या काठावर जातात, जिथून पूर्वी जहाजे इकडे निघत. तिथे त्यांची मुले नव्या वर्गात, नव्या भाषेत, पहिल्या दिवशी गप्प बसतात. आणि दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांची धुराडी पेटली की प्रवरेच्या, मुळेच्या काठावरच्या शाळांत ऊसतोडीला आलेल्या घरांची मुले येतात. चार-पाच महिन्यांनी ती निघून जातात. तेवढ्या दिवसांत कुणी त्यांचे नाव विचारते, कुणी विचारत नाही.

तुमच्या गावच्या शाळेत असे एखादे मूल आले असेल तर गुरुजींना सांगा, त्याला मागच्या कोपऱ्यात बसवू नका. तुमच्या मुलाला त्याचे नाव विचारायला सांगा. एखाद्या रविवारी त्याला आणि त्याच्या आईला जेवायला बोलवा.